सत्यान्वेषी आणि सोंग : व्योमकेश बक्षीच्या भूमिकांविषयी

जुन्नर आणि आंबेगाव ह्या पुणे जिल्ह्याच्या उत्तरेकडील तालुक्यांत नटाची पारख करण्याची एक जुनी रीत आहे. गुढीपाडव्याच्या सुमारास नारायणगावी तमाशाच्या फडांच्या राहुट्या लागतात, गावोगावचे जत्रेचे कारभारी तेथे येऊन सुपारी देतात आणि मग चैत्र-वैशाखभर फड हिंडत राहतात. वगाचे कथानक प्रेक्षकांना बहुधा ठाऊक असते. त्यामुळे पुढे काय होणार ह्यापेक्षा ह्या खेपेला राजा कोण, प्रधान कोण आणि सोंगाड्या कोण, ह्या प्रश्नाला अधिक महत्त्व येते. आणि सोंग वठले की नाही ह्याचा निवाडा तेच सोंग पूर्वी कोणी कसे आणले होते त्यावरून होतो. पारंपरिक वगाला अक्षरशः पाठ करावयाची संहिता नसे. प्रसंगांचा सांगाडा ठरलेला, बोलणे मात्र नटाच्या हजरजबाबीपणावर सोडलेले. अशा ठिकाणी पूर्वीचा नट हीच पुढच्या नटाची संहिता होय. विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर (१९३५–२००२) ह्यांच्यानंतर त्यांच्या कन्या मंगला बनसोडे बोर्डावर उभ्या राहिल्या, तेव्हा त्यांना तोलावयास प्रेक्षकांजवळ कोणतेही पुस्तक नव्हते. होती ती आईची आठवण.

छापील कथेतील गुप्तहेर ह्याच्या अगदी उलट टोकाला उभा असतो. त्याच्या बाबतीत पुस्तक आधी येते आणि नट मागाहून. शेरलॉक होम्सची गोष्ट सर्वांस परिचित आहे. विल्यम जिलेटने १८९९ साली त्याला रंगभूमीवर आणले, बॅसिल रॅथबोनने १९३९ ते १९४६ ह्या काळात चौदा चित्रपटांतून तो साकार केला आणि जेरेमी ब्रेटने १९८४ ते १९९४ ह्या दशकात ग्रॅनडा टेलिव्हिजनसाठी. ब्रेटच्या मालिकेपूर्वी तर होम्सच्या सवयी, लकबी व आवडीनिवडी मूळ कथांतून वेचून एक टिपणवहीच सिद्ध करण्यात आली होती. नटाने कथेपुढे हजर होऊन जबाब द्यावा, असाच हा प्रकार. तथापि येथेही परंपरा पुस्तकाला चकवते. होम्सची ती प्रसिद्ध दोन्हीकडे झाप असलेली टोपी चित्रकार सिडनी पॅजेटची आणि वाकडा पाइप जिलेटच्या परंपरेतला. कॉनन डॉईलच्या शब्दांत ह्या दोन्ही वस्तू शोधू जाता निराशाच पदरी पडते. म्हणजे जेथे पुस्तक घरोघर वाचले जाते तेथेही पहिल्या रूपकाराचा हात पुढच्यांच्या खांद्यावर राहतोच.

मग जेथे पुस्तक मुळीच वाचले गेलेले नाही तेथे काय घडते? ह्या प्रश्नाचा विचार करण्यासाठी महाराष्ट्रात एक फार चांगले उदाहरण उपलब्ध आहे. ते म्हणजे बंगाली लेखक शरदिंदू बंद्योपाध्याय ह्यांचा व्योमकेश बक्षी. त्याचे निम्म्याहून अधिक आयुष्य पुण्यात लिहिले गेले, आणि तरीही मराठी माणसाने तो प्रथम वाचला नाही, पाहिला.

शरदिंदूंचा जन्म १८९९ सालचा. व्योमकेशाच्या पहिल्या दहा कथा १९३२ पासूनच्या चार-पाच वर्षांत प्रसिद्ध झाल्या. १९३८ मध्ये हिमांशू राय ह्यांच्या बोलावण्यावरून शरदिंदू बॉम्बे टॉकीजसाठी पटकथा लिहावयास मुंबईस आले आणि व्योमकेश मागे पडला. हा खंड सुमारे पंधरा वर्षांचा आहे. चित्रपटसृष्टीचा कंटाळा येऊन १९५२ साली ते पुण्यास स्थायिक झाले. त्याच सुमारास 'चित्रचोर' ह्या कथेने व्योमकेश परत आला आणि लेखकाच्या अखेरीपर्यंत, म्हणजे १९७० पर्यंत, तो पुन्हा थांबला नाही. पूर्ण झालेल्या कथा एकंदर बत्तीस. त्यांपैकी बावीस ह्या दुसऱ्या पर्वातल्या. कलकत्त्याच्या हॅरिसन रोडवरील बिऱ्हाड, पुंटीराम नावाचा नोकर, फाळणीच्या आधीची दंगल, पुढे दक्षिण कलकत्त्यातील स्वतःचे घर, हा सारा बंगाली संसार लेखक मुळा-मुठेच्या काठी बसून उभा करीत होता. महाराष्ट्र त्याच्या लेखनात आला तोही उपेक्षणीय नाही. 'शैलरहस्य' ह्या १९५९ च्या कथेत व्योमकेश महाबळेश्वरच्या एका ओस पडलेल्या हॉटेलात उतरतो आणि तेथून अजिताला पत्र लिहितो. बुद्धिवादी सत्यान्वेषी भुताटकीपुढे गोंधळलेला दिसावा, अशी ही विरळा कथा आहे. शिवाय शिवकालावर रचलेल्या 'सदाशिव' ह्या बालकथामालेतून शिवाजी महाराजांच्या सैन्यातला एक मावळी पोर बंगालच्या मुलांच्या ओळखीचा झाला. शिवनेरीच्या परिसरातील वाचकांस ही गोष्ट सहसा ठाऊक नसते. दोन भाषांमधल्या व्यवहारात एका बाजूची वही नेहमीच अधिक कोरी राहते.

आता नावाकडे वळावे. 'व्योमकेश' हे शिवाचे नाव. बंगालीत व आणि ब ह्यांचा उच्चार एकच असल्यामुळे हिंदी मालिकेने ते 'ब्योमकेश' असे लिहिले, आणि महाराष्ट्रातही उच्चार तोच रूढ झाला. 'बक्षी' मात्र मराठीला परका नाही. लष्कराचा पगार वाटणारा अधिकारी ह्या अर्थी तो शब्द दप्तरांतून आढळतो व आडनाव म्हणूनही नांदतो. ह्याहून महत्त्वाचा प्रश्न व्यवसायनामाचा आहे. पहिल्याच कथेत व्योमकेश आपल्याला डिटेक्टिव्ह म्हणवून घेण्यास नाखूष आहे, आणि 'गोयेंदा' हा शब्द तर त्याला त्याहून वाईट वाटतो. 'गोयेंदा' हा मूळ फारसी 'गोयंदा', म्हणजे बोलणारा, खबर सांगणारा. चहाडीचा वास त्याला येतो तो व्युत्पत्तीने बरोबरच आहे. म्हणून त्याने दारावर पाटी लावली ती 'सत्यान्वेषी' अशी. मराठीतील 'हेर' हा शब्द 'हेरणे' ह्या क्रियेशी बांधलेला. त्यात डोळा आहे, जीभ नाही. पण 'गुप्त' हे उपपद लागले की तोही राजाच्या पदरी जातो आणि शत्रूच्या गोटात शिरतो. खाजगी माणूस केवळ सत्यासाठी शोध करतो, ही कल्पना व्यक्त करावयास दोन्ही शब्द अपुरे पडतात.

'सत्यान्वेषी'चा सरळ मराठी प्रतिशब्द 'सत्यशोधक' हा होय. परंतु तो वापरता येत नाही, निदान जुन्नरकडे तर नाहीच नाही. २४ सप्टेंबर १८७३ रोजी जोतीराव फुले ह्यांनी पुण्यात सत्यशोधक समाजाची स्थापना केल्यावर ज्या भागांत त्याने खोल मूळ धरले त्यांत ओतूर व जुन्नर तालुक्यातील इतर गावे अग्रभागी होती. भिक्षुकाला न बोलावता लग्ने लावण्यावरून ह्या भागात वाद व दावे उभे राहिले. पुढे सत्यशोधकांनी आपला विचार गावापर्यंत नेण्यासाठी जे साधन निवडले ते जलशाचे, म्हणजे तमाशाचीच चौकट घेऊन तिचा आशय बदलण्याचे. जलशात भोळ्या कुणब्याला नाडणाऱ्यांना प्रश्नावर प्रश्न विचारून त्यांचे बिंग फोडणारे पात्र येते. पुरावा माग, उत्तरातली विसंगती पकड, आणि शेवटी चारचौघांत ढोंग उघडे कर, ही त्याची रीत. तिला गुप्तहेराची रीत म्हणावयास हरकत नाही. फरक इतकाच, की येथे गुन्हा एका माणसाचा नसून व्यवस्थेचा असतो. अशा रीतीने ह्या मुलखात 'सत्य शोधणारा' ही रंगमंचावरची भूमिका व्योमकेशाच्या कितीतरी आधी येऊन गेलेली आहे, आणि तिचे नाव त्या चळवळीने कायमचे आपल्याकडे ठेवले आहे.

व्योमकेशाच्या नटांची तुलना करण्यापूर्वी कथा त्यांच्या हाती काय देते ते पाहणे इष्ट होईल. पहिल्या भेटीत व्योमकेश तेवीस-चोवीस वर्षांचा सुशिक्षित, तरतरीत तरुण आहे. तोही खोट्या नावाने, अतुलचंद्र मित्र म्हणून, एका मेसमध्ये राहावयास आलेला. म्हणजे वाचकाशी त्याची पहिली ओळखच सोंगातून होते. पुढे तो सत्यवतीशी लग्न करतो, बाप होतो, प्रौढ होतो. होम्स अथवा पॉयरो ह्यांच्याप्रमाणे तो काळाबाहेर उभा नाही. दुसरी गोष्ट भाषेची. आरंभीच्या कथा अजिताच्या तोंडून सांगितल्या गेल्या आहेत, आणि त्याचे निवेदन साधु भाषेत, म्हणजे लांब क्रियारूपांच्या भारदस्त ग्रांथिक बंगालीत आहे. संवाद मात्र चलित, बोलभाषेतले. हरिभाऊ आपट्यांच्या काळातील मराठी कादंबरीत निवेदन व संभाषण ह्यांमध्ये जी पायरी दिसते तशीच ही पायरी आहे. पण येथे ती पात्राच्या घडणीत भाग घेते. भोवतालचे गद्य संथ व गंभीर असल्यामुळेच व्योमकेशाचे तुटक, थट्टेखोर बोलणे चटकन उजळते. अखेरच्या काही कथांत अजिताकडून निवेदन काढून घेतले गेले व भाषाही सर्वस्वी चलित झाली.

पडद्यावर ह्यातले काय येऊ शकते? संवाद येतात, निवेदन येत नाही. बंगालीतल्या बंगालीत चित्रपट केला तरी साधु भाषेची पार्श्वभूमी नाहीशी होते, आणि केवळ पुढचे चित्र उरते. ती पार्श्वभूमी नटाला स्वतःच्या अंगाने भरून काढावी लागते: मौनाने, चालण्याने, ऐकण्याच्या पद्धतीने. व्योमकेशाच्या निरनिराळ्या भूमिकांचे मूल्यमापन करावयाचे तर कसोटी ही घ्यावी. वेशभूषा व नाकाडोळ्यांचे साम्य ही कसोटी दुय्यम होय.

पहिला मोठा नट उत्तमकुमार. सत्यजित राय ह्यांच्या 'चिडियाखाना' ह्या १९६७ च्या चित्रपटात त्यांनी ही भूमिका केली. त्या वर्षीच्या राष्ट्रीय पुरस्कारांत उत्कृष्ट नटाचा सन्मान त्यांना हा चित्रपट व 'अँटनी फिरिंगी' मिळून देण्यात आला. रायही दिग्दर्शनाच्या पुरस्काराचे मानकरी ठरले. तरीसुद्धा रायांच्या उत्कृष्ट कृतींत ह्या चित्रपटाची गणना कोणी करीत नाही, खुद्द रायही करीत नसत. उत्तमकुमार तेव्हा चाळिशी ओलांडलेले होते आणि बंगालच्या प्रेक्षकांचे दैवत होते. चष्मा लावला, सापाशी सलगी दाखवली, जपानी माणसाचा वेष घेतला, तरी चष्म्यामागे उत्तमकुमारच दिसावयाचे. कथा अशी की, एका निवृत्त न्यायाधीशाच्या वसाहतीत पूर्वीची एक सिनेनटी नाव-रूप बदलून राहत असल्याचा संशय आहे, आणि सत्यान्वेष्याने तिला ओळखून काढावयाचे आहे. दुसऱ्याचे सोंग ओळखणाऱ्या माणसाचे सोंग, असा हा दुहेरी पेच. ज्याचा चेहरा साऱ्या प्रांताला पाठ आहे अशा नटाकडे तो पेच सोपवला गेला. शरदिंदू ह्या वेळी पुण्यातच राहत होते. १९७४ च्या 'शजारुर काँटा' ह्या चित्रपटात सतींद्र भट्टाचार्य ह्यांनी व्योमकेश केला. पण बंगालबाहेर त्याचा प्रतिध्वनी उमटला नाही.

ह्यानंतर येते ती ह्या विषयातील निर्णायक घटना. १९९३ मध्ये दूरदर्शनवर बासू चटर्जी ह्यांनी दिग्दर्शित केलेली हिंदी मालिका सुरू झाली. दुसरे पर्व १९९७ मध्ये आले. भाग एकूण चौतीस. व्योमकेश झाले रजित कपूर, अजित के. के. रैना आणि सत्यवती मराठी अभिनेत्री सुकन्या कुलकर्णी. रजित कपूर ह्यांचा चेहरा तेव्हा नवा होता. श्याम बेनेगल ह्यांच्या 'सूरज का सातवाँ घोडा' ह्या चित्रपटात गोष्टी सांगणारा माणिक मुल्ला त्यांनी नुकताच केला होता, आणि पुढे १९९६ मध्ये ते पडद्यावरचे तरुण गांधी झाले. गोष्ट सांगणारा, सत्य शोधणारा, सत्याचे प्रयोग करणारा, असा हा क्रम योगायोगाचा असला तरी बोलका आहे, कारण तिन्ही भूमिकांना लागणारा गुण एकच: समोरच्याचे पूर्ण ऐकून घेणे.

रजित कपूरांच्या व्योमकेशाचे मर्म ह्या ऐकण्यात आहे. धोतर-कुडता, आवाज खालच्या पट्टीतला, शब्द स्वच्छ, हातवारे जवळजवळ नाहीत. साक्षीदार बोलत असताना त्यांची नजर हलत नाही, आणि प्रश्न विचारतात तो सहज कुशल विचारल्यासारखा. मालिकेला खर्च बेताचा होता. बहुतेक प्रसंग खोल्यांतून घडतात, रस्ते क्वचितच दिसतात. परंतु ही उणीव नटाच्या पथ्यावर पडली. प्रेक्षकाला पाहावयास दुसरे काही नसल्यामुळे तो माणसांच्या बोलण्याकडे लक्ष देतो, आणि व्योमकेशाच्या कथा मुळात बोलण्याच्याच कथा आहेत. साधु भाषेच्या निवेदनाने जी स्थिरता दिली असती ती येथे नटाच्या शरीराने दिली. शिवाय हिंदी ही ना लेखकाची भाषा, ना अनेक प्रेक्षकांची. तिच्यात प्रांताचा रंग जाणूनबुजून पातळ ठेवलेला असल्यामुळे हा गृहस्थ कलकत्त्याचा असूनही मनमाड किंवा मंचर येथील घरात परका वाटला नाही. रैनांचा अजित वयाने थोरला भासतो, त्यामुळे मूळ कथेतील समवयस्क मित्रांची थट्टामस्करी जराशी मवाळ झाली आहे. तेवढा दोष मान्य करावा लागेल. सुकन्या कुलकर्णींच्या सत्यवतीकडे अभ्यासकांनी पुरेसे लक्ष दिलेले नाही. गुप्तहेराच्या घरात बायको असणे हीच ह्या प्रकारात नवलाची गोष्ट, आणि ते घर घरासारखे वाटले ह्याचे बरेचसे श्रेय त्यांना आहे.

महाराष्ट्राच्या दृष्टीने परिणाम असा झाला की, रजित कपूर हेच मूळ पुस्तक ठरले. बहुसंख्य मराठी प्रेक्षकांनी शरदिंदूंची एक ओळही वाचली नव्हती. आणि ज्यांनी नंतर भाषांतरांतून वाचली त्यांनी ती रजित कपूरांच्या आवाजात वाचली. २०२० च्या टाळेबंदीत दूरदर्शनने मालिका पुन्हा दाखवली, तेव्हा तिला दुसरी पिढी मिळाली. नारायणगावच्या फडातील न्याय येथे लागू झाला: लिखित संहिता हाती नाही, म्हणून पहिला चांगला नट हीच संहिता.

हा न्याय सार्वत्रिक नाही, हे दाखवावयास पुणे जिल्ह्यातीलच एक प्रतिउदाहरण पुरेसे आहे. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे, म्हणजे फुरसुंगीचा बनेश, हा मराठीतील सर्वांत लाडका शोधक. (बाबूराव अर्नाळकरांच्या हजाराहून अधिक रहस्यकथांतील झुंजार व काळापहाड ह्यांचा वाचकवर्ग अफाट होता, पण मुलाच्या मनात जागा मिळवणे ही निराळी सिद्धी.) १९८० च्या दशकात दूरदर्शनवर सुमीत राघवन ह्यांनी किशोरवयात हा फेणे केला. २०१७ साली आदित्य सरपोतदार ह्यांच्या चित्रपटात तो अमेय वाघ ह्यांनी केला. तेथे मात्र प्रेक्षकांच्या हाती पुस्तक होते, आणि ते पुस्तक लहानपणी पाठ झालेले होते. म्हणून तक्रारी व कौतुके दोन्ही पुस्तकाच्या आधाराने झाली. शाळकरी पोर वैद्यकीय प्रवेशपरीक्षेला बसणारा तरुण कसा झाला, अंगकाठी तशी आहे का, आणि मुख्य म्हणजे 'ट्टॉक' कसे म्हणतो. हे 'ट्टॉक' भाषाशास्त्राच्या अभ्यासकांनी आवर्जून पाहण्याजोगे आहे. जीभ टाळ्याला चिकटवून झटक्याने सोडण्याचा तो आवाज मराठीच्या वर्णमालेत नाही. भागवतांनी तो द्वित्त ट आणि ऑ घालून कागदावर कसाबसा बांधला, आणि प्रत्येक वाचकाने आपल्यापुरता तो सोडवला. नटाने तो मोठ्याने सोडवला की हजारो खाजगी 'ट्टॉक' एकदम खोटे ठरतात! चित्रपटाने लेखक भागवतांची आठवण देणारे एक वृद्ध पात्र दिलीप प्रभावळकरांकडून करवून घेतले. पुस्तकाची संमती घेतल्याशिवाय पुढे जाता येणार नाही, ही जाणीवच त्यात दिसते. व्योमकेशाच्या हिंदी रूपाला असा दाखला मराठी प्रेक्षकांसमोर कधी सादर करावा लागला नाही.

२०१५ हे वर्ष तुलनेच्या अभ्यासाला पर्वणीचे होते. त्या एकाच वर्षात चार नट व्योमकेश झाले. दिबाकर बॅनर्जी ह्यांच्या हिंदी चित्रपटात सुशांतसिंह राजपूत, बंगालीत 'शजारुर काँटा'मध्ये धृतिमान चटर्जी, अंजन दत्त ह्यांच्या चित्रपटात जीशू सेनगुप्ता आणि अरिंदम शील ह्यांच्या 'हर हर व्योमकेश'मध्ये आबीर चटर्जी. महाराष्ट्रात पोहोचला तो प्रामुख्याने पहिला. महायुद्धकाळातील, जपानी हल्ल्याच्या भीतीने झाकोळलेले कलकत्ता उभे करून दिग्दर्शकाने पहिल्या कथेतील कोवळ्या व्योमकेशाकडे जाण्याचा प्रयत्न केला. जुळलेल्या भुवयांचा, अवघडून चालणारा, चुका करणारा आणि त्या चुकांनी हादरणारा असा हा व्योमकेश. पुस्तकाच्या कसोटीने पाहिले तर वयाच्या बाबतीत तो उत्तमकुमारांहून व रजित कपूरांहूनही मूळ कथेला जवळचा आहे. पण मराठी प्रेक्षकाची कसोटी पुस्तकाची नव्हती. 'हा व्योमकेश नव्हे' असे जे म्हटले गेले त्याचा खरा अर्थ 'हा रजित कपूर नव्हे' असा होता, आणि त्यात नटावर अन्याय झाला. पार्श्वसंगीत व रक्तपात ह्यांचा अतिरेक हा दिग्दर्शनाचा दोष. तो नटाच्या खात्यावर मांडण्याचे कारण नाही. उलट टोकाला धृतिमान चटर्जींचा वृद्ध व्योमकेश आहे. कथेतल्याप्रमाणे पात्राला वय असते हे त्यांनी मनावर घेतले, आणि थकलेल्या देहातून चालणारी बुद्धी दाखवली. गंभीर अभ्यासकाने प्रथम पाहावा तो हा.

बंगालमधील नंतरचा इतिहास थोडक्यात सांगता येईल, कारण तेथे भूमिका आता घराण्यासारखी चालते. आबीर चटर्जींनी २०१० पासून ती केली. उंच, नेटका, थोडा अतिशिष्ट असा हा व्योमकेश आहे, आणि त्याच नटाने २०१४ मध्ये फेलूदाही केल्याने दोन शोधकांच्या सीमारेषा प्रेक्षकांच्या मनात काहीशा मिसळल्या. ऋतुपर्ण घोष ह्यांनी 'सत्यान्वेषी'साठी नट न घेता सुजय घोष हा दिग्दर्शक घेतला. चित्रपट त्यांच्या मृत्यूनंतर, २०१३ मध्येच, प्रदर्शित झाला. २०१७ पासूनच्या मालिकेत अनिर्बाण भट्टाचार्य ह्यांनी रंगभूमीवरची शब्दफेक आणली. २०२३ मध्ये तर 'दुर्गरहस्य' ही एकच कथा दोन मंडळींनी एकाच वर्षात सादर केली, एकीकडे चित्रपटात लोकप्रिय नट देव, दुसरीकडे मालिकेत अनिर्बाण. एकाच हंगामात दोन फडांनी एकच वग लावावा आणि गावाने दोन्ही पाहून आपला निकाल द्यावा, तसाच हा प्रकार. पुस्तक घरोघर असलेल्या बंगालातही भूमिका पुरेशी जुनी झाली की पुस्तकाचा धाक कमी होतो आणि नटांची आपापसातील स्पर्धा पुढे येते, एवढे ह्यावरून दिसते.

पुण्यात लिहिली गेलेली शेवटची व्योमकेशकथा अपुरी आहे. 'विशुपाल वध' असे तिचे नाव. १९७० मध्ये लेखकाच्या मृत्यूने ती थांबली. त्या कथेत कीचकवधाचे नाटक चालू असताना रंगभूमीवरच नटाचा मृत्यू होतो. खाडिलकरांचे 'कीचकवध' १९०७ मध्ये रंगभूमीवर आले व १९१० मध्ये सरकारने त्यावर बंदी घातली, हा इतिहास मराठी वाचकास सांगावयास नको. २०२२ साली अरिंदम शील ह्यांनी ह्या अपुऱ्या कथेवर चित्रपट केला. व्योमकेश आबीर चटर्जी. खुनी कोण हे लेखकाने लिहून ठेवलेले नव्हते. ते पटकथाकारांना ठरवावे लागले आणि नटाला, प्रथमच, मागे कोणतेही पान नसताना त्याच्याकडे बोट दाखवावे लागले.